नवव्या क्रॉसची लाइन

सकाळी उठल्यावर उमाकांत कोळेकर आधी मशीनच्या चार्जरवरचा दिवा पाहत असे आणि मग तोंड धूत असे. त्या दिवशी दिवा हिरवा होता. फायबर जोडायचे ते मशीन त्याने चार्जरवरून काढले, पेटीतल्या जागी बसवले आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बाकीची हत्यारे मांडली. काचेचा धागा सरळ तोडणारे क्लीव्हर त्याने दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडले. स्पिरिटची बाटली भरली. धागा पुसायला तो जुन्या सुती साडीचे तुकडे वापरी. शालनने ते आदल्या दुपारी कापून, इस्त्री फिरवून, प्लास्टिकच्या डब्यात रचून ठेवले होते. केसाएवढ्या जाडीच्या काचेवर धुळीचा कण राहिला तरी जोड वाया जातो, हे इतक्या वर्षांत तिलाही ठाऊक झाले होते.

शहराच्या टोकाला, गोट्टिगेरेतल्या त्या दोन खोल्यांत पाणी दिवसाआड येई. आज पाण्याचा दिवस होता. शालन पिंप भरत होती आणि मुलगी, पवित्रा, केस विंचरता विंचरता कॉलेजची बस कुठवर आली ते मोबाइलवर बघत होती. त्यामुळे तव्यावरची भाकरी उलटायचे काम उमाकांतकडे आले होते.

"करपवू नका म्हंजे झालं," शालन पिंपाजवळून म्हणाली.

"काच जोडतोय मी. भाकरी काय चीज?"

"काच कुणाच्या पोटात जात न्हाई."

पवित्रा हसली आणि चपला घालून गेली. उमाकांतने भाकरीच्या कडा फडक्याने दाबल्या, ती फुगली. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो पहिला घास घेत होता तेवढ्यात फोन वाजला. मल्लाप्पा हुक्केरीचा होता.

"उठलास काय रे?"

"निघालोच अण्णा."

"आधी नवव्या क्रॉसला जा. तोंडाचा बॉक्स उघड आणि मेन लाइन काप. लूपजवळ काप, परत जोडायला सोपं."

"कुणाची?"

"आमचीच."

मल्लाप्पा तिकडे कुणाला तरी कन्नडमध्ये 'स्वल्प तडी', जरा थांब, म्हणाला आणि परत मराठीवर आला. "रोशन आज तिथं वायर ओढायलाय. त्याच्यामुळं आमची लाइन तुटली म्हणून सांगायचं. लोक बोंबलतील, त्याला हाकलतील. सरी?"

"सरी अण्णा."

ही युक्ती जुनी होती आणि उमाकांतने ती याआधीही केली होती. मल्लाप्पा निपाणीहून या शहरात आला तो गच्चीवरच्या डिश अँटेना बसवायला. मग त्याने घरोघर केबल टीव्ही दिला आणि टीव्ही मोबाइलमध्ये शिरल्यावर त्याच खांबांवरून फायबर ओढून एका मोठ्या कंपनीचे इंटरनेट कमिशनवर विकायला घेतले. उमाकांत त्याआधी कंत्राटावर टेलिफोनच्या तांब्याच्या केबली जोडत असे, खड्ड्यात बसून, मेणबत्तीच्या उजेडात. तांबे संपले तेव्हा मल्लाप्पाने त्याला बोलावून घेतले, काचेचे काम शिकायला पाठवले, लग्नही त्यानेच जमवले.

या धंद्यात हद्दी तोंडी ठरत. देवळाच्या अलीकडे तुझे, पलीकडे माझे. भांडण झाले की एकमेकांच्या केबली कापायच्या, पण त्यालाही रीत होती. खांबावर केबलची जादा गुंडाळी ठेवलेली असते, तिला लूप म्हणतात. कापायचे तर तिथेच, म्हणजे दुसऱ्याला जोडायला माल उरतो. दोन दिवस बोंबाबोंब झाली की कुणाच्या तरी मध्यस्थीने चहा पिऊन प्रकरण मिटे. आणि शिडीवर चढलेल्या माणसाला कुणी हात लावत नसे. तो कुणाचाही असो, वर चढला की तो फक्त वायरमन.

आता मात्र भांडण दुसऱ्या केबलवाल्याशी नव्हते. ज्या कंपनीचे नेट मल्लाप्पा विकत होता, तिनेच गेल्या वर्षापासून स्वतःच्या वायरी सरळ घरांत न्यायला सुरुवात केली होती. मधला माणूस तिला नको होता. त्यासाठी नेमलेल्या कंत्राटदाराकडे वायर जोडायला रोशन होता. त्याला निपाणीजवळच्या खेड्यातून उमाकांतनेच आणले आणि शिकवले. मल्लाप्पाकडचे काम आटत चालले तसा तो तिकडे गेला. जाताना उमाकांतच्या पाया पडला आणि मल्लाप्पाच्या नाही, हे मल्लाप्पाने लक्षात ठेवले होते.

नववा क्रॉस ही जयनगरच्या पलीकडची, उतारावरची गल्ली. एका बाजूला दुमजली घरे, शेवटाला एक रिकामा प्लॉट आणि त्यावर पसरलेले पर्जन्यवृक्ष. गल्ली खोलगटात असल्याने तिथे मोबाइलला रेंज नसे. पूर्वी एका गच्चीवर टॉवर होता, पण लहरींनी कॅन्सर होतो म्हणून रहिवासी संघाने तो काढायला लावला. त्यानंतर सगळी गल्ली फोन करायची ती घरातल्या वायफायवरूनच. फाटकांवरचे कॅमेरेही मल्लाप्पानेच बसवले होते. त्यांची चित्रे घरात साठत नसत, नेटवरून दूर कुठेतरी जात आणि मालकांना मोबाइलवर दिसत. टीव्ही, फोन, पहारा, नोकरी, सगळे त्या एका बोटाएवढ्या काळ्या वायरीतून येत होते.

उमाकांतने तोंडाच्या खांबावरचा बॉक्स उघडला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, प्लॉटजवळच्या खांबाला शिडी लावून रोशन वर काम करत होता. खाली रोजंदारीची दोन माणसे वायरीचे बंडल सोडत होती. रोशनने हाक मारली, "मामा, आमची न्हवं ना कापायलास?"

"न्हाई रे. आमचीच."

"आमच्या नावावर खपवणार काय?"

रोशन वरून हसला. कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवलेला होता, त्यावर मागे रेलून तो आरामात बोलत होता. "मल्लाप्पाण्णाला सांग, कापायची तर कायमची काप. म्हंजे तुला बी आमच्याकडं येता येईल. आमच्यात हेल्मेट मिळतंय. पीएफ मिळतोय."

"गप काम कर. बोलताना हात हलतो तुझा."

"तूच शिकवलास."

उमाकांतने लूप मोकळा केला, वायर कटरच्या जबड्यात धरली आणि दाबली. फायबर कापताना काही होत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. मागच्या घरात कुठलीतरी मालिका चालू होती, ती एका वाक्याच्या मध्येच थांबली.

मग वरच्या वळणावरून तीन स्कूटरी उतरल्या. सहा माणसे, सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट. पुढची स्कूटर मल्लाप्पाच्या ऑफिसची होती, उमाकांत रोज तिच्यावरून फिरत असे. ती त्याच्याजवळ थांबली. चालवणाऱ्याने हेल्मेटची काच वर केली. मल्लाप्पाचा भाचा, बसवंत.

"कापलीस?"

"कापली. तुम्ही कशाला आलासा?"

"मग झालं तुझं काम. घरला जा मामा." त्याने काच खाली केली.

उमाकांतला तेव्हाही कळले नाही. त्याला वाटले, धमकी द्यायला आलेत, शिवीगाळ करतील, बंडल पेटवून देतील. स्कूटरी गल्लीच्या टोकाला थांबल्या तेव्हा वायर सोडणारी दोन माणसे हातातले टाकून प्लॉटमधून पळाली. ती पुन्हा कधी सापडली नाहीत. बसवंतने लाथ मारून शिडी पाडली. रोशनचे पाय अधांतरी आले आणि तो पट्ट्यावर लोंबकळला. त्याने खांबाला मिठी मारली.

खालून दोघांनी लोखंडी सळ्यांनी त्याच्या पायांवर मारायला सुरुवात केली. घाई नव्हती. चिंच झोडपतात तसे ते आळीपाळीने मारत होते. रोशन आधी शिव्या देत होता, मग नुसता ओरडू लागला. उमाकांत पळत निघाला. वाटेत एकाने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला फाटकावर ढकलले, तो आपटला, उठला, पुन्हा ढकलला गेला. तिसऱ्या वेळी सळी त्याच्या मांडीवर बसली आणि तो खाली बसला. बसल्या जागेवरून त्याला पुढचे सगळे दिसले.

एकाने शिडी पुन्हा लावली. बसवंत तीन पायऱ्या चढला. त्याच्या हातात नारळ फोडायचा मच्चू होता. त्याने तो रोशनला मारला नाही. त्याने पट्टा कापला. दोन घाव लागले, पट्टा नवा होता. रोशन पाठीवर पडला, डोके पदपथाच्या कडेवर आपटले आणि ओरडणे बंद झाले. मग त्याचा उजवा हात धरून दगडी कडेवर ठेवण्यात आला, एकाने मनगटावर पाय दिला आणि बसवंतने सळी उचलली. जोडणाऱ्याचा हात कुठला, हे त्याला माहीत होते. उमाकांत बसल्या जागेवरून "बसवंता, नको," म्हणत होता. आपला आवाज मोठा येत नाही, हे त्याला ऐकू येत होते.

स्कूटरी चढावरून निघून गेल्या आणि घरांची दारे उघडू लागली. पण माणसे बाहेर आली ती रोशनसाठी नव्हे. ओरडणे सगळ्यांनी ऐकले होते की नाही, कुणास ठाऊक. बाहेर आलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता. पुण्याहून आलेला शंतनु नावाचा एक तरुण, वर ऑफिसचा सदरा आणि खाली अर्धी चड्डी, कानांत इअरफोन, उमाकांतच्या अंगावरचे मल्लाप्पाच्या केबलचे जाकीट पाहून त्याच्याकडे आला.

"अहो, नेट डाउन आहे का? माझा क्लायंट कॉल चालू..." तो एवढे बोलला आणि उमाकांतच्या नजरेच्या दिशेने बघून थबकला. "हे काय झालं? हे कुणी केलं?"

"ॲम्ब्युलन्सला फोन करा साहेब."

शंतनुने फोन लावला. कानाला धरला, परत बघितला. परत लावला. दुसऱ्या फाटकातली बाई स्वतःचा फोन हलवत होती. एक म्हातारे गृहस्थ आत जाऊन टेलिफोनचा रिसीव्हर उचलून पाहून आले आणि म्हणाले, डायल टोन नाही, हाही नेटच्या डब्यातूनच चालतो. सगळी गल्ली हातात फोन घेऊन उभी होती आणि एकाचाही लागत नव्हता. "वायफाय असल्याशिवाय लागतच नाही इथे," शंतनु म्हणाला. मग त्याने उमाकांतला विचारले, "तुम्ही जोडू शकता ना? पटकन जोडा."

उमाकांतने पेटी उघडली खरी. पण पहिला धागा धरतानाच तुटला, दुसराही. त्याने पेटी तशीच टाकली. शंतनु चढ धावत मुख्य रस्त्यावर गेला आणि एक ऑटो घेऊन आला. दोघांनी रोशनला उचलून त्यात आडवा घातला. उजवा हात उमाकांतने मांडीवर घेतला होता. त्याला हाताचा आकार राहिला नव्हता. ऑटोवाल्याने आरशात एकदा पाहिले आणि मग वाटभर पाहिले नाही.

त्या उशिराने किती बिघडले, हे डॉक्टरांनी नेमके सांगितले नाही. मेंदूत रक्त साचले होते, ते काढले, आधी आले असते तर बरे झाले असते, एवढेच ते म्हणाले. रोशन शुद्धीवर आला. त्याला आई ओळखू आली, गाव आठवले, मामा आठवला. ती सकाळ मात्र आठवली नाही. हातात धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू बसवले गेले. बोटे हलत नव्हती.

त्याची आई, तानूबाई, निपाणीहून आली आणि वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात राहू लागली. उमाकांत रोज डबा घेऊन जाई. चौथ्या की पाचव्या दिवशी डबा उघडायच्या आधी ती म्हणाली, "उमाकांता, बस जरा. त्याच्या ऑफिसचा माणूस येऊन गेला."

"काय म्हणाला, तानूअक्का?"

"म्हणाला, पोरानं पट्टा बांधला न्हवता. आपल्या चुकीनं पडला. म्हणून भरपाई बसत न्हाई. पोलिसांनी बी तसंच लिवलंय म्हणे. शिडी घसरली." तिने पदराने डब्याचे झाकण पुसले, ते स्वच्छच होते. "मी म्हटलं, असं कसं हुईल? माझं पोर गावातल्या पिंपळावर चढताना बी दोरी बांधायचं, का तर मामानं सांगितलंय. तूच शिकवलास न्हवं त्याला?"

"व्हय."

"मग बांधला हुता का न्हवता?"

"मी लांब हुतो अक्का," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. मग डबा उघडून तिने आधी त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

पोलिसांना तपासात फारसा रस नव्हता आणि त्याचे कारण अगदी साधे होते. गल्लीतल्या एकाही कॅमेऱ्यात काही नव्हते. आठाच्या थोडे आधीपर्यंतची चित्रे होती, दूधवाला, कुत्रे, शाळेची व्हॅन, आणि त्यानंतर काळे. रहिवाशांनी पाहिली ती फक्त चढावरून जाणारी हेल्मेटे. कंत्राटदार गप्प होता, कारण कंपनी गप्प होती. उमाकांतला हे एकेक कळत गेले तसे त्याला ते फोनवरचे बोलणे आठवू लागले. लोक बोंबलावेत म्हणून लाइन कापायची, असे मल्लाप्पा म्हणाला होता. लाइन कापली होती ती डोळे बांधायला, आणि ते डोळे उमाकांतने बांधले होते.

तो मल्लाप्पाच्या ऑफिसात गेला तेव्हा दुपार होती. भिंतीला पूर्वी वायरीची बंडले असत. तिथे आता पांढऱ्या पुठ्ठ्यांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. मल्लाप्पा एक खोका उघडून आतला डबा हातात फिरवत होता. शाळेतल्या डब्याएवढा, गुळगुळीत.

"ये. बघ काय आलंय," मल्लाप्पा म्हणाला. तो खुशीत होता. "खिडकीला चिकटवायचं. वायर नको, खांब नको, काय नको. नेट हवेतून. वरच्या वळणावर कंपनीनं नवा खांब उभा केलाय बघितलास? लोकांना वाटतंय रस्त्यावरचा दिवा हाय. कुणी कॅन्सर म्हणत न्हाई."

"हे तुमच्याकडं कसं आलं अण्णा?"

"त्यांनीच दिलं. काल कंपनीच्या मॅडमचा फोन. म्हणाल्या, तुमच्या एरियात तुमच्याशिवाय काम हुणार न्हाई, हे आमच्या लक्षात आलंय." तो हसला. "घरोघर हे बसवायचं, कमिशन आमचं. दसऱ्यापर्यंत सगळ्या वायरी उतरवायच्या."

"नवव्या क्रॉसची बी?"

"सगळ्या. आमची बी, त्यांची बी."

उमाकांत स्टुलावर बसला. "म्हंजे रोशन जी वायर ओढत हुता, ती बी काढूनच टाकायची हुती."

मल्लाप्पाने डबा टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला, आणि ते ढोंग नव्हते. "मला काय सपान पडलं हुतं? मी बसवंताला म्हटलं, भीती घाल. हात मोड म्हटलं न्हाई. गजाननाशपथ." तो पुढे वाकला. "माझ्याकडं चाळीस माणसं हुती उमाकांता. आता तू धरून पाच. खांब माझे न्हवते काय? एकेक खांब मी ह्या हातानं... कंपनी एका ईमेलात काढून घ्यायला लागली. मी काय करायचं हुतं? कोर्टात जायचं हुतं?"

"पट्टा बसवंतानं कापला. मी बघितलंय."

"तू लाइन जोडत हुतास. तू काय बघितलं न्हाईस. परवा स्टेशनला जायचं, त्यांनी लिवून ठेवलंय, सही करायची. वायरमन म्हणून तुझा शब्द चालतोय. पट्टा न्हवता, शिडी घसरली. दवाखान्याचं मी बघतो. तानूबाईला बी बघतो."

"मी तसं सांगणार न्हाई अण्णा."

मागच्या खोलीतून बसवंत केव्हा आला ते उमाकांतला दिसले नाही. त्याने पहिली थोबाडीत मारली तेव्हा उमाकांतचा चष्मा खोक्यांवर जाऊन पडला. दुसरी त्याच गालावर. मग बसवंतने त्याचा डावा हात टेबलावर दाबला आणि करंगळी मागे वाकवायला सुरुवात केली, हळूहळू, त्याच्या तोंडाकडे बघत.

"मामा, तू शहाणा हैस. हाताचं खातोस."

"बसवंता, बेड, नको," मल्लाप्पा म्हणाला. पण तो उठला नाही. त्याने पांढरा डबा पुन्हा हातात घेतला आणि त्याच्या मागचा नंबर वाचू लागला. बोट मोडल्याचा आवाज वाळक्या काटकीसारखा आला. बसवंतने हात सोडला, चष्मा उचलून शर्टाला पुसला आणि उमाकांतच्या डोळ्यांवर नीट बसवला.

"पवित्राची बस कॉलेजकडनं कितीला सुटते, ते बी आम्हाला ठावं हाय," तो म्हणाला.

घरी शालनने बोट पाहिले. आइस्क्रीमची लाकडी काडी लावून बोट बांधले आणि मग समोर बसली. उमाकांतने सगळे सांगितले. स्वतः कापलेल्या लाइनचेही. सांगताना तो मध्ये मध्ये थांबत होता आणि ती थांबू देत होती.

"म्हंजे तुमच्याबिगर कुणी बघितलेलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"आणि सांगितलं तर तुम्ही बी आत."

"लाइन मी कापली. विचारणारच."

"सही केली तर?"

"तर काय न्हाई. हे खिडकीचे डबे बसवायचे. तू म्हणशील तर..."

"माझ्यावर ढकलू नका." ती उठली, पिंपाचे झाकण उघडून आत पाहिले, बंद केले. "तानूअक्का मला दवाखान्यात काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, उमाकांत खोटं बोलत न्हाई, तो लांब म्हणाला म्हंजे लांबच असणार." ती पुन्हा बसली. "मला भ्या वाटतंय. पवित्राचं लई वाटतंय. पण तेवढं ऐकून माझ्या घशाखाली भाकरी उतरंना झालीय."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"तुझ्या दादाकडं जाशील काय, आनेकलला? पवित्राला घेऊन. थोडे दिवस."

"कधी?"

"उद्या सकाळी."

"पाण्याचा दिवस हाय उद्या," ती सवयीने म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे पाणी."

दुसऱ्या दिवशी त्याने दोघींना आनेकलच्या बसमध्ये बसवून दिले. पवित्राने खिडकीतून विचारले, "पप्पा, तुम्ही कधी येणार?" तो म्हणाला, "बघू." बस वळणापलीकडे गेल्यावर तो शंतनुकडे गेला. फाटकात उभ्याउभ्याच त्याने त्याला सगळे सांगितले आणि एवढेच विचारले, की आपण स्टेशनात जात आहोत, संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर तो एखाद्या वकिलाला तिकडे पाठवील का. शंतनु म्हणाला, "मी बरोबर येतो. ऑटो मीच आणली होती, तेवढं तर मला सांगता येईल." उमाकांतने नको म्हटले नाही.

स्टेशनात सबइन्स्पेक्टरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. उमाकांतने तो वाचला. चांगल्या कन्नडमध्ये लिहिलेला होता, शिडीची लांबीसुद्धा बरोबर होती.

"साहेब, हा माझा जबाब नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. "माझा वेगळा लिहून घ्या."

सबइन्स्पेक्टरने त्याच्या बांधलेल्या बोटाकडे पाहिले, मग शंतनुकडे आणि त्याच्या हातातल्या फोनकडे. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. त्याने हवालदाराला कोरे कागद आणायला सांगितले. उमाकांत बोलू लागला. कोण आले, कुठल्या स्कूटरवर, काच कुणी वर केली, पट्टा कसा कापला, किती घाव लागले, हात कुणी धरला. हवालदार लिहीत होता. एका जागी सबइन्स्पेक्टरने त्याला हाताने थांबवले.

"ऐका," तो हळू म्हणाला. "लाइन कुणी कापली, हे मी विचारलेलं नाही. लाइन बंद पडली एवढंच लिहितो. तुम्ही साक्षीदार राहाल. हे लिहिलं तर आरोपींत तुमचं नाव येईल. कळतंय ना? आज इथून घरी जाता येणार नाही कदाचित."

शंतनुने त्याच्या दंडाला हात लावला.

"कळतंय," उमाकांत म्हणाला. "पण ते गाळलं तर कॅमेरे का बंद होते ते जुळत नाही. त्यांचा वकील म्हणेल, योगायोग. मल्लाप्पाण्णांनी सकाळी फोन करून सांगितलं, म्हणून आठच्या आत मी कापली. तेही लिहा. त्या कॉलची नोंद माझ्या मोबाइलमध्ये आहे."

सबइन्स्पेक्टरने हवालदाराला मान हलवून खूण केली. हवालदाराने लिहिले. उमाकांतने ते वाक्य एकदा वाचून पाहिले, खाली सही केली, खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि पुढचे सांगायला सुरुवात केली.